तीव्र आम्ल आणि सौम्य आम्ल: बल्ब खरं सांगतो

दोन चंचुपात्रं घ्या. एकात 0.1 मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसऱ्यात तेवढंच ॲसेटिक, म्हणजे व्हिनेगरमधलं. दोन्ही पाण्यासारखी दिसतात. कार्बनच्या कांड्या बुडवून बल्ब जोडला की पहिल्यात तो लख्ख पेटतो, दुसऱ्यात मिणमिणतो. हायड्रोक्लोरिकचे जवळपास सगळे रेणू पाण्यात फुटून आयन, म्हणजे विद्युतभारित कण, होतात आणि वीज तेच वाहून नेतात; असं आम्ल तीव्र. ॲसेटिकमध्ये शंभरात एखाददुसराच फुटतो, म्हणून ते सौम्य. सामू (pH; जितका कमी तितकं द्रावण जास्त आम्लधर्मी) पहिल्याचा 1, दुसऱ्याचा 2.9 च्या आसपास.

मॅग्नेशियमची फीत पहिल्यात फसफसते, दुसऱ्यात रेंगाळत बुडबुडे सोडते. गंमत पुढे आहे. उदासिनीकरणाला, म्हणजे आम्लपणा पुरता घालवायला, सोडियम हायड्रॉक्साइड मात्र दोन्हींना सारखंच लागतं, कारण आयन खर्ची पडतील तसे ॲसेटिकचे उरलेले रेणू फुटत जातात.

बहुतेक मुलं ‘तीव्र’ आणि ‘संहत’ (कमी पाण्यात जास्त आम्ल असलेलं; उलट ते ‘विरल’) एकच धरतात आणि तिथेच गुण घालवतात. बादलीभर पाण्यात चमचाभर हायड्रोक्लोरिक टाकलं तर ते विरल होतं, सौम्य नाही. आणि सौम्य म्हणजे निरुपद्रवीही नव्हे! हायड्रोफ्लुओरिक आम्ल सौम्य गटातलं, पण काच खातं; म्हणून प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवतात.

पाठच करायचं तर नेहमीची सहा तीव्र आम्लं करा: हायड्रोक्लोरिक, हायड्रोब्रोमिक, हायड्रायोडिक, नायट्रिक, सल्फ्युरिक, परक्लोरिक. यादीबाहेरचं दिसलं की आधी सौम्य समजावं.

आम्लारींचं, म्हणजे आम्लाला उदासीन करणाऱ्या पदार्थांचं, तसंच: सोडियम हायड्रॉक्साइड तीव्र, अमोनिया सौम्य. पानाला लावायचा चुना मात्र चकवतो. पाण्यात जेमतेम विरघळतो, पण जेवढा विरघळतो तो बहुतेक आयनरूपातच, म्हणून तीव्र.