सुक्या ‘चेरी’चा साडेचार महिने वापर : युरिक ॲसिडसाठी घेत असाल तर पाकीट उलटून वाचा

डिसेंबरात याच पाकिटाला मी पाच तारे दिले होते. आज ते काढून एक ठेवला आहे. पाकीट केवढं, झिप कशी, किती दिवसांत घरी येतं हे घेणाऱ्यांना माहीत आहे, त्यावर लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांबद्दल. ती मी चार महिने वाचली नाहीत आणि तेवढ्यात आमच्या मामाजींचा पाय सुजला.

मामाजी म्हणजे माझे सासरे, वय ७१. आम्ही मोर्शी तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. त्यांना तीन वर्षांपासून युरिक ॲसिडचा त्रास आहे. उजव्या पायाचा अंगठा एका रात्रीतून लालभडक होतो, अंगावरची चादर लागली तरी ओरडतात. डॉक्टरांनी रोजची एक गोळी लावून दिलेली. दिवाळीला पुण्याहून भाचा आला, त्याने सांगितलं की चेरीने युरिक ॲसिड उतरतं. आमचा हा संत्र्याचा पट्टा, इथे ताजी चेरी कुठून आणायची? मोबाईलवर शोधलं तर २५० ग्रॅम सुकी चेरी १९० रुपयांत दिसली. समोर देठासकट लाल फळांचं चित्र, खाली ‘अँटिऑक्सिडंटने भरपूर’. मागवली.

सुरुवात खरंच चांगली झाली. मामाजी औषधी म्हणून काही दिलं की तोंड फिरवतात, पण हे स्वतः मागून खायचे. मी अंगणवाडी सेविका आहे, मोजून देण्याची सवय हाडात भिनलेली, म्हणून रोज काट्यावर २० ग्रॅम. एक पाकीट बारा दिवस पुरायचं. जानेवारी-फेब्रुवारीत अंगठा शांत राहिला. मी गावातल्या दोघींनाही घ्यायला लावलं. त्याचं आज फार वाईट वाटतं, दोघींच्या घरी जाऊन सांगून आले आहे.

मार्चमध्ये लक्षात आलं की गोळ्यांची पट्टी संपतच नाही. विचारलं तर मामाजी म्हणाले, “गोयी कायले रोज रोज? हे चेरी चालू हाय न.” त्यांनी आपल्या मनाने दोन-दोन दिवस गोळी सोडली होती. एप्रिलच्या मध्यात अंगठा असा सुजला की चप्पल चढेना. रक्त तपासलं, युरिक ॲसिड वाढून ८.६ आलं. डॉक्टर गोळी सोडल्याबद्दल रागावले आणि ते बरोबरच होतं. सूज चेरीने आली असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टरांनी पाकीट मागून घेतलं, उलटं केलं, मोबाईलचा कॅमेरा लावून अक्षरं मोठी केली आणि माझ्यासमोर धरलं.

घटकांच्या यादीत पहिला शब्द साखर. दुसरा करोंदा. मग आम्लता नियामक ३३०, परिरक्षक २११, रंग १२७. चेरी हा शब्द यादीत कुठेच नाही.

पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यात जास्त. ३३० म्हणजे सायट्रिक ॲसिड, २११ सोडियम बेंझोएट आणि १२७ म्हणजे एरिथ्रोसिन नावाचा लाल रंग. खाली तक्ता : १०० ग्रॅममागे एकूण साखर ७२ ग्रॅम, त्यातली वरून घातलेली ६८ ग्रॅम. दिवसाची वरून घातलेल्या साखरेची मर्यादा लेबलसाठी ५० ग्रॅम धरतात, त्यामुळे २० ग्रॅमच्या वाटणीपुढे २७ टक्के छापलेलं होतं. सगळं छापलेलं होतं. तक्त्यावर बाळाचं वजन टिपणाऱ्या माझ्यासारख्या बाईने ते वाचायला हवं होतं.

घरी येऊन मी दोन गोष्टी केल्या. पहिली, हिशोब. ताज्या गोड चेरीत शंभरातले ८२ ग्रॅम पाणी असतं. एक किलो खरी सुकी चेरी करायला साधारण साडेचार किलो ताजं फळ लागेल, तेही बिया आणि देठ सोडून. ताजी चेरी ४५० रुपये किलो धरली तर नुसतं फळच दोन हजारांच्या वर जातं. आणि हे पाकीट ७६० रुपये किलोने पडत होतं. इतका साधा गुणाकार. गावातल्या किराणा दुकानात मी दोन रुपयांसाठी भाव विचारते, आणि इथे चित्र पाहून पैसे भरले.

दुसरी गोष्ट, ५० ग्रॅम मोजून कोमट पाण्यात टाकले. दहा मिनिटांत पाणी गुलाबी, तासाभराने सरबतासारखं लाल. तीन वेळा पाणी बदललं, रात्रभर ठेवलं, सकाळी चाळणीत निथळून गच्चीवर उन्हात घातलं. संध्याकाळी काट्यावर ९ ग्रॅम भरले. फिक्या, चामड्यासारख्या टोपऱ्या, प्रत्येकीला बी काढल्याची चीर. एकीत एक चपटी तपकिरी बी राहून गेली होती. मामाजी बाजेवरून बघत होते. ती बी त्यांनी चिमटीत धरली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, “बाई, हे त करवंद हाय. आपल्या धुऱ्यावरचं.” चेरीत एकच कडक गोल बी असते, करवंदात अशा चपट्या बऱ्याच. केकवरची आणि मिठ्या पानाला टोचलेली लाल ‘चेरी’ही बहुतेक वेळा हीच असते, पाकात मुरवून रंगवलेलं करवंद, म्हणजेच यादीतला हिंदी ‘करोंदा’. करवंदाबद्दल माझी काही तक्रार नाही. उन्हाळ्यात आम्ही त्याचं लोणचं घालतो. पण ते त्याच्या नावाने विकावं.

मला सगळ्यात जास्त राग येतो तो याच्या पुढच्या भागाचा. साखरेचा अर्धा भाग ग्लुकोज, अर्धा फ्रुक्टोज. फ्रुक्टोज यकृतात मोडताना युरिक ॲसिड तयार होतं. म्हणजे ज्या आजारासाठी मी हे आणत होते, त्यालाच खतपाणी घालणारी वस्तू रोज सकाळी वाटीत मोजून देत होते. २० ग्रॅममधली साखर चौदा ग्रॅमच्या वर, त्यातलं सात ग्रॅम फ्रुक्टोज. प्रमाण फार मोठं नसेल, पण औषध म्हणून रोज?

कंपनीला फोन केला. पहिल्या वेळी ‘चेरी प्रकारातलंच उत्पादन आहे मॅडम’, दुसऱ्या वेळी ‘फोडलेलं पाकीट परत घेत नाही’. मी यादीचा फोटो, समोरच्या चित्राचा फोटो आणि पाकिटावरचा १४ आकडी परवाना क्रमांक एकत्र पाठवला. तीन आठवड्यांनी एका पाकिटाचे १९० रुपये कूपन म्हणून मिळाले, तेही त्यांच्याच दुकानातून काही घ्यायला. वापरलेलं नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं झालं होतं की चेरी हा सगळाच फसवा प्रकार. जूनमध्ये ते बदललं. भाचा नागपूरला उतरला तेव्हा कळमन्याच्या बाजारातून काश्मीरची चेरी घेऊन आला, एक किलोचा खोका. काश्मीर आणि हिमाचलात हे फळ मे ते जुलै एवढंच निघतं, आणि तोडल्यावर पिकत नाही, फक्त मऊ पडतं. दातांखाली साल फुटते तो आवाज, मग आंबटगोड रस, बोटं जांभळी. मामाजींनी पहिलं फळ खाऊन बी हातात घेतली, पुसली आणि ताटलीच्या कडेला नीट ठेवली. देठ आणि बिया मिळून वजन शंभर ग्रॅमच्या आसपास गेलं, बाकी सगळं खाण्याचं. फ्रीज होता तरी दिवसातून दोनदा लाईट जाते, त्यामुळे तीन दिवसांत संपवली.

मग नीट वाचलं, यावेळी आकडे बघून. भाच्याचं म्हणणं हवेतलं नव्हतं. २००३ साली कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात दहा निरोगी बायकांना एका वेळी २८० ग्रॅम ताजी चेरी दिली, पाच तासांनी रक्तातलं युरिक ॲसिड १४ टक्क्यांच्या आसपास उतरलं. २०१२ च्या बोस्टनच्या अभ्यासात ६३३ रुग्ण होते. दोन दिवस चेरी घेतलेल्यांत दुखण्याचा झटका येण्याचा धोका ३५ टक्के कमी दिसला, आणि ॲलोप्युरिनॉल ही युरिक ॲसिड उतरवणारी गोळी व चेरी दोन्ही घेणाऱ्यांत ७५ टक्के कमी. मामाजींना मी हा गोळीचा आकडा तीनदा वाचून दाखवला. पण न्यूझीलंडमध्ये गाऊटच्या, म्हणजे याच युरिक ॲसिडच्या दुखण्याच्या, ५० रुग्णांना २८ दिवस आंबट चेरीचा अर्क दिला तेव्हा युरिक ॲसिडवर काही फरक पडला नाही. आणि २८० ग्रॅम म्हणजे चाळीसेक फळं. रोज एवढी आमच्या खिशाला झेपत नाहीत.

बाकी चेरीत काय आहे? १०० ग्रॅममागे ६३ कॅलरी, सुमारे १३ ग्रॅम स्वतःची साखर, २ ग्रॅम तंतू, २२२ मिलिग्रॅम पोटॅशियम, क जीवनसत्त्व फक्त ७ मिलिग्रॅम. आमच्या अंगणातल्या पेरूत क जीवनसत्त्व २२८, पोटॅशियम ४१७ आणि तंतू ५ ग्रॅमच्या वर. आंबट चेरीत साखर कमी, साडेआठ ग्रॅम, आणि बीटा-कॅरोटीन गोड चेरीपेक्षा कितीतरी जास्त, पण ती इथे ताजी दिसत नाही. चेरीची खरी कमाई तिच्या गडद रंगात, म्हणजे अँथोसायनिनमध्ये आहे. जांभळातही ती आहेत, आणि जांभूळ जूनमध्ये आमच्या नाल्यावर फुकट पडून असतं.

वहीतला हिशोब असा : अकरा पाकिटं, २,०९० रुपये, माल पावणेतीन किलो, त्यातली वरून घातलेली साखर १ किलो ८७० ग्रॅम.

ऑगस्टच्या तपासणीत मामाजींचं युरिक ॲसिड ६.१ आलं, रोजच्या गोळीवर. काश्मीरची चेरी पुढच्या जूनमध्ये पुन्हा एक खोका आणणार, चवीसाठी. या पाकिटाला एक तारा ठेवला आहे, कारण मागच्या बाजूला का होईना, ‘करोंदा’ हा शब्द त्यांनी छापला होता. तो समोर, चित्राच्या जागी छापतील तेव्हा दुसरा देईन.