गहू सोडूनही डोके दुखतेच : पथ्य आणखी कडक करावे की अर्धशिशीवर वेगळे उपचार घ्यावेत?

गहू बंद करून सहा महिने झाले, पोट शांत झाले, अंगात थोडी ताकद आली, पण डोके मात्र आठवड्यातून दोनदा ठणकतेच, अशा अवस्थेतल्या माणसापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पथ्यात कुठून तरी ग्लूटेन (गव्हातले चिवट प्रथिन) शिरत असणार असे धरून ते आणखी कडक करायचे, हा पहिला. डोकेदुखीला स्वतंत्र आजार मानून तिच्यावर उपचार सुरू करायचे, हा दुसरा. ज्यांनी तपासणी न करताच गहू सोडला, त्यांच्यासाठी तिसराही आहे : काही आठवडे पुन्हा गहू खाऊन निदान पक्के करून घ्यायचे. आमच्या इंदूरच्या घरात या तिन्हींचा विचार करावा लागला, कारण मला स्वतःला बायॉप्सीने सिद्ध झालेला सीलिॲक आजार आहे आणि माझ्या धाकट्या जावेने डोकेदुखीसाठी आपल्याच मनाने गहू सोडला होता. दोघींचे पथ्य एकाच ओट्यावर चालले होते, दोघींचीही डोकी दुखत होती, आणि तरीही दोघींसाठी योग्य ठरलेला मार्ग वेगळा होता.

फरक निदानाचा होता. सीलिॲकमध्ये गहू, जव आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्याला इजा करते. (इथे ‘राय’ म्हणजे आपल्याकडे हिंदीत मोहरीला म्हणतात ती राई नव्हे, मोहरीची फोडणी चालते.) रक्तातील टीटीजी-आयजीए (या आजारात वाढणारी प्रतिपिंडे, पुढे नुसते टीटीजी), त्याच्या जोडीला एकूण आयजीए, आणि गरजेप्रमाणे दुर्बिणीतून घेतलेले आतड्याचे नमुने यांवरून हे निदान होते. डोकेदुखीशी या आजाराचे नाते खरे आहे. अमेरिकेत 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सीलिॲकच्या 30 टक्के रुग्णांनी दीर्घकालीन डोकेदुखी असल्याचे सांगितले, तर तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात हे प्रमाण 14 टक्के होते. निर्णय घेणाऱ्याने हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत, असे मला वाटते. पहिला सांगतो की ग्लूटेनकडे दुर्लक्ष करू नये. दुसरा सांगतो की ज्यांना सीलिॲक नाही अशांचेही डोके दुखते, म्हणजेच सीलिॲक असलेल्या माणसाला इतर चारचौघांसारखी अर्धशिशीही असू शकते आणि ती केवळ पथ्याने जाईलच असे नाही.

ज्यांचे निदान पक्के आहे आणि टीटीजी अजून मर्यादेच्या वर आहे, त्यांनी पहिला मार्ग आधी धरावा. माझे टीटीजी वर्षभरानंतरही खाली यायला तयार नव्हते. हा आकडा हळूहळूच उतरतो आणि आतडे पूर्ण भरून यायला वर्ष-दोन वर्षे लागू शकतात, त्यामुळे तीन महिन्यांत निराश होण्याचे कारण नसते. पण वर्षभरात आकडा जवळजवळ जागचा हलला नाही, तर स्वयंपाकघर तपासावे लागते. आमच्याकडे ती तपासणी सासूबाईंच्या एका वाक्यापासून सुरू झाली. त्या भाकरी थापत होत्या आणि थापता थापता म्हणाल्या, “आज ज्वारी अशी चिवट कशी गं? कडेला एकही भेग नाही.” ज्वारीच्या पिठाला ताण नसतो, भाकरीच्या कडा थोड्या तरी भेगाळतातच. ते पीठ गल्लीतल्या चक्कीवर गव्हाच्या पाठोपाठ दळलेले होते आणि चक्कीत अडकलेली कणीक आमच्या डब्यात उतरली होती. ग्लूटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असू नये, असा आपल्याकडचा नियम आहे. भाकरीचा पोत बदलण्याइतकी कणीक त्या मर्यादेच्या किती पलीकडे असेल, याचा अंदाज कोणालाही करता येईल. आम्ही घरगुती चक्की घेतली आणि तिच्यात आजवर गव्हाचा दाणा पडू दिलेला नाही.

मग एकेक डबा उघडला. कुटलेल्या हिंगाची डबी उलटी केली, तेव्हा किमतीच्या शिक्क्याखाली बारीक अक्षरांत ‘खाद्य डिंक, गव्हाचे पीठ, हिंग’ असा क्रम दिसला, म्हणजे ज्याच्या नावाने डबी विकली जाते तो हिंग तिसरा. चिमूटभर हिंगातून येणारे ग्लूटेन थोडेच असते, पण ते रोज दोन्ही वेळच्या फोडणीत पडते. तांदळाच्या पिठात बांधलेला हिंग मिळतो, तो घ्यावा. मेतकुटात गहू भाजून घातलेला असतो, थालिपिठाच्या भाजणीत बहुधा असतो, आणि सातूचे पीठ तर वर्ज्यच. आपल्या इंदुरी खाण्यातही असेच बघावे लागते. पोहे तांदळाचे, भुट्ट्याचा कीस मक्याचा, सराफ्यातली साबुदाण्याची खिचडीही चालण्यासारखी. पण पोह्यांवर भुरभुरायच्या जीरावन मसाल्यात हिंग असतो, शेव किंवा गराडू ज्या कढईत तळतात तिच्यात आधी कचोरी तळलेली नाही ना हे विचारावे लागते, आणि दाल-बाफल्यांच्या पंगतीत, बाफले गव्हाचे असल्याने, डाळीवर समाधान मानावे लागते.

या मार्गाची एक किंमत मात्र फारशी बोलली जात नाही. पथ्य जितके कडक, तितकी बाहेर असताना उपाशी राहण्याची वेळ जास्त, आणि अर्धशिशी ज्यांना आहे त्यांच्यासाठी चुकलेले जेवण हे डोके दुखण्याचे एक नेहमीचे निमित्त असते. लग्नघरात सगळे जेवत असताना नुसता चहा घेऊन बसलेल्या बाईचे संध्याकाळी डोके दुखले, तर दोष ग्लूटेनचा नसून रिकाम्या पोटाचा असू शकतो. एकादशी आणि चतुर्थीचे उपास कडकडीत करणाऱ्यांनी आपल्या डोकेदुखीच्या तारखा पंचांगाशी एकदा अवश्य ताडून पाहाव्यात. शिवाय सीलिॲकमध्ये लोह, बी-12, फोलेट आणि ड जीवनसत्त्व कमी पडण्याची शक्यता असते, थायरॉइडचे विकारही अधिक आढळतात, आणि पांडुरोग किंवा थायरॉइड यांनीही डोके दुखते. म्हणून पथ्य आवळण्याआधी या रक्ततपासण्या करून घ्याव्यात.

आता दुसरा मार्ग. आपल्या घरांतून ‘पित्त झाले’ म्हणून जे सांगितले जाते, त्यात पुष्कळदा अर्धशिशी दडलेली असते. चार तासांपासून 72 तासांपर्यंत टिकणारी, बहुधा एका बाजूची, ठोके पडल्यासारखी, जिना चढताना वाढणारी वेदना, तिच्यासोबत मळमळ किंवा उजेड आणि आवाज नकोसे होणे, हे वर्णन जुळत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टला किंवा जाणकार फिजिशियनला दाखवावे. उलटी झाली की बरे वाटते, यावरून ते दुखणे पोटाचेच असे ठरत नाही.

माझ्या जावेचे नेमके असेच होते. पथ्य चालू असताना ती दर दुखण्याला पॅरासिटामॉल आणि कॅफिन एकत्र असलेली गोळी घेत होती. डॉक्टरांनी तिला महिनाभर वहीत तीनच गोष्टी लिहायला सांगितल्या : डोके कधी दुखले, काय खाल्ले किंवा चुकले, आणि कोणती गोळी घेतली. महिनाअखेर गोळीचे दिवस मोजले, तर ते अठरा भरले. अशा मिश्र गोळ्या किंवा अर्धशिशीच्या झटक्यावर घ्यायची ट्रिप्टान गटातली औषधे महिन्यातून 10 किंवा अधिक दिवस, आणि साध्या वेदनाशामक गोळ्या 15 किंवा अधिक दिवस, असे तीन महिन्यांहून जास्त काळ चालले, तर त्या गोळ्याच डोकेदुखी टिकवून धरू शकतात. पोळी टाळून हे चक्र तुटत नाही. तिची गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवली, त्यानंतरचे दहा दिवस फार वाईट गेले, ती अंधाऱ्या खोलीत पडून असायची आणि आम्ही पाय न वाजवता वावरायचो. पुढे मात्र दुखण्याचे दिवस खरोखर कमी होत गेले.

झटके वारंवार येत असतील, तर प्रतिबंधक औषधे असतात. प्रोप्रॅनोलॉल दम्याच्या रुग्णांना चालत नाही, ॲमिट्रिप्टिलिनने झोप येते आणि वजन वाढू शकते, फ्लुनारिझिनही आपल्याकडे पुष्कळ दिले जाते, आणि गर्भधारणेची शक्यता असलेल्या स्त्रियांनी व्हॅल्प्रोएट व टोपिरामेट यांबद्दल डॉक्टरांशी स्पष्ट बोलावे. योग्य मात्रेत दोन-तीन महिने घेतल्याशिवाय औषध लागू पडते की नाही हे कळत नाही. पथ्याच्या तुलनेत इथे परिणाम लवकर मोजता येतो, हा मोठा फायदा. दुष्परिणाम सांभाळावे लागतात, हा तोटा.

तिसऱ्या मार्गाबद्दल थोडक्यात. गहू बंद असताना टीटीजी तपासले, तर आजार असूनही अहवाल चांगला येऊ शकतो. ब्रिटनमधील नाइस या संस्थेच्या मार्गदर्शनात तपासणीपूर्वी किमान सहा आठवडे, रोज एकाहून अधिक वेळच्या जेवणात ग्लूटेन असावे, असे सांगितले आहे. ज्यांना गव्हाने तीव्र त्रास होतो त्यांच्यासाठी हे अवघड असते, पण त्याआधी एचएलए-डीक्यू2 आणि डीक्यू8 ही जनुकीय तपासणी करता येते. तिच्यावर आहाराचा परिणाम होत नाही, आणि दोन्ही नसतील तर सीलिॲक जवळजवळ निश्चितपणे बाद होतो. माझ्या जावेचा हाच अहवाल नकारार्थी आला, आणि माझ्या मते तिच्या बाबतीतला सर्वांत उपयोगी खर्च तोच झाला, कारण त्यानंतर तिने पथ्य आवळण्यात आणखी वर्ष घालवले नाही.

म्हणून निदान पक्के आणि टीटीजी वाढलेले असेल, तर आधी चक्की आणि डबे तपासावेत, वही मात्र त्याच दिवशी सुरू करावी. टीटीजी उतरले असूनही डोके दुखत असेल, तर पथ्य आहे तसे ठेवून दुसरा मार्ग धरावा. मी आता तिथेच आहे. पथ्य सुधारल्यावर माझे एरवीचे दुखणे बरेच ओसरले, पण पाळीच्या आदल्या दिवशीचा झटका कायम राहिला आणि त्याच्यासाठी मी वेगळे औषध घेते. निदानच झाले नसेल, तर आधी गोळ्यांचे दिवस मोजावेत.

या तिन्हींपैकी कोणत्याही मार्गावर असताना डोके एकाएकी, क्षणात असह्य दुखले, ताप येऊन मान आखडली, हात-पाय किंवा बोलणे अडखळू लागले, तर तडक रुग्णालय गाठावे. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली किंवा नेहमीपेक्षा वेगळ्या तऱ्हेची डोकेदुखीही वहीत नोंदवत बसण्याची नव्हे. ती लगेच डॉक्टरांना दाखवावी.