टेलि-मानस १४४१६ : म्हाताऱ्या माणसाशी नीट बोलणारी सेवा

घरात कुणी ज्येष्ठ माणूस गप्प होत चाललं असेल, तर हा नंबर आजच लिहून ठेवा. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ही मोफत फोन सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. ती चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं. मी वडिलांसाठी फोन केला होता.

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीनंतरही सकाळी स्टँडवर चहाला जायचे, जुन्या मंडळींत रमायचे. गेल्या पावसाळ्यात ते बंद झालं. उदास आहे असं ते एकदाही म्हणाले नाहीत. पोट जड आहे, पायात त्राण नाही, झोप पहाटे तीनलाच मोडते, एवढीच तक्रार. काही विचारलं की "माहीत नाही." नेहमीच्या डॉक्टरांनी पंच्याहत्तरीत असं व्हायचंच म्हणत टॉनिक लिहून दिलं. आत्या म्हणाली, आता नामस्मरणात मन घालावं.

फोनवरच्या समुपदेशक ताईंनी वय विचारलं, पण तिथे थांबल्या नाहीत. हे कधीपासून, बीपीच्या गोळ्या कोणत्या, ऐकू नीट येतं का, आधी त्यांना काय आवडायचं, सगळं विचारलं. मग बाबांशी बोलल्या. "काका, जगणं नकोसं वाटतं का कधी?" बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "वाटतं." असं विचारल्याने तो विचार डोक्यात येतो, अशी आपल्याकडे भीती असते. तसं होत नाही. उलट माणूस बोलतो.

ताईंनी जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात जायला सांगितलं. तिथे आधी थायरॉइड, बी-१२ तपासलं, कारण त्यांच्या कमतरतेनेही असंच दिसू शकतं. मग हो-नाही उत्तरांचे पंधरा प्रश्न. खास ज्येष्ठांसाठी केलेली ही प्रश्नावली जगभर वापरतात. विस्मरणाची शंका होती, निघालं नैराश्य. गोळी अगदी कमी मात्रेत सुरू केली आणि सोडियम तपासायला पुन्हा बोलावलं; म्हाताऱ्या माणसांत या गोळ्यांनी ते उतरू शकतं. गुण यायला काही आठवडे लागतात, हेही आधीच सांगितलं.

एकत्र कुटुंबात, मानाने राहणाऱ्याला नैराश्य कसं येईल, असं आपण धरून चालतो. ते मला पटत नाही. वडीलधाऱ्यांना मान देण्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या चीनमध्येही खेड्यांतल्या वृद्धांत आत्महत्यांचं प्रमाण फार मोठं राहिलं आहे. आपल्याकडे २०१७-१८ च्या 'लासी' या वाढत्या वयाविषयीच्या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्यांपैकी ८.३ टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं आढळली. निदान झालेले मात्र त्याच्या दहाव्या हिश्शाइतकेच. म्हातारपण म्हणजे उदासी, हे घरात, दवाखान्यात इतकं मुरलंय की दुखणं कुणाला दुखणं वाटतच नाही.

बाबा आता पुन्हा पेपर मागतात, पुरवणीसकट. स्टँडवर अजून जात नाहीत.

फोन करताना गोळ्यांची यादी जवळ ठेवा. ऐकू कमी येत असेल तर शेजारी बसा, पण उत्तरं त्यांनाच देऊ द्या. पेन्शन, घरातला छळ, आसरा अशा बाबींसाठी ज्येष्ठांची वेगळी हेल्पलाइन आहे, १४५६७.