लंडनच्या आरोग्य अधिकाऱ्यांचे अहवाल : वेलकम कलेक्शनचा अनमोल संग्रह

व्हिक्टोरिया राणीच्या काळात लंडनने साथींचा बंदोबस्त कसा केला, हे मूळ कागदपत्रांतून वाचायचे असेल, तर वेलकम कलेक्शन या वैद्यकाच्या इतिहासाला वाहिलेल्या लंडनमधील संग्रहालय-ग्रंथालयाच्या संकेतस्थळावरील आरोग्य अधिकाऱ्यांच्या वार्षिक अहवालांइतके चांगले साधन माझ्या पाहण्यात नाही. १८४८ ते १९७२ या काळातील साडेपाच हजारांच्या आसपास अहवाल तेथे विनामूल्य वाचता येतात आणि उतरवूनही घेता येतात.

एवढ्या पसाऱ्यात हरवून जाण्यापेक्षा एकच विभाग धरावा. मी पूर्व लंडनमधला हॅकनी धरला, कारण १८६७ मध्ये स्थापन झालेल्या मेट्रोपॉलिटन असायलम्स बोर्डाने, म्हणजे लंडनमधील साथीच्या रोग्यांची रुग्णालये चालवणाऱ्या मंडळाने, १८७१ मध्ये साथीच्या रोग्यांसाठी उघडलेले होमर्टनचे रुग्णालय याच विभागातले. त्यामुळे येथील मृत्यूंचे तक्ते जपून वाचावे लागतात : बाहेरून आणलेले रोगी येथे दगावले की ते वजा करायचे आणि हॅकनीचे रहिवासी अन्यत्र दगावले की ते मिळवायचे. ही बेरीज-वजाबाकी समजली की रुक्ष वाटणारे आकडे बोलू लागतात.

सर्वांत वाचनीय भाग १८८९ च्या रोगसूचना कायद्यानंतरचा आहे. डॉक्टरने स्कार्लेट फीव्हर (मुख्यतः मुलांना होणारा, अंगावर लाल पुरळ उठवणारा ताप), घटसर्प किंवा देवीचा रोगी कळवायचा. खासगी रोग्यामागे त्याला अडीच शिलिंग मिळत, संस्थेतल्या रोग्यामागे एक. मग घोड्याच्या रुग्णवाहिकेतून मुलाला रुग्णालयात न्यायचे, अंथरूण-पांघरूण निर्जंतुक करण्यास पाठवायचे आणि खोलीत गंधकाची धुरी द्यायची, असा क्रम असे. देवीच्या रोग्यांना १८८४ पासून टेम्स नदीतून बोटीने लाँग रीचला, नांगरून ठेवलेल्या तीन रुग्णालय-जहाजांवर नेत. रुग्णालये शेजारी नकोत म्हणून हॅम्पस्टेडचे रहिवासी न्यायालयात गेले होते, हे लक्षात घेतले म्हणजे रोग्यांना शहराबाहेर इतक्या लांब का धाडले, याचा उलगडा होतो. १८९१ च्या कायद्याने या रुग्णालयांतील उपचार सर्वांना मोफत झाले, ही या यंत्रणेची मला सर्वांत मोठी वाटणारी कामगिरी. पुण्यात १८९७ साली प्लेगच्या तपासणीसाठी सोल्जर घराघरांत शिरले, त्याची आठवण असलेल्या मराठी वाचकाला तर हा फरक फारच बोचेल.

शोध घेताना रोगांची जुनी नावेही वापरून पाहावीत. स्कार्लेट फीव्हर अनेकदा ‘स्कार्लेटिना’ म्हणून सापडतो, आणि साथीचे बरेच रोग ‘झायमॉटिक’ या एकाच सदरात मांडलेले असतात. मजकूर इंग्रजी, तोही दाट छपाईचा, म्हणून सवडीनेच वाचायला बसावे.

एक उणीव मात्र अहवालांच्या स्वरूपातच आहे. येथे बोलतो तो अधिकारी. ज्या आईचे मूल कित्येक आठवडे तिच्यापासून दूर ठेवले गेले, तिचे म्हणणे या पानांवर जवळजवळ येत नाही. सार्वजनिक आरोग्य शिकणाऱ्यांना आणि शिकवणाऱ्यांना मी हा संग्रह आग्रहाने सुचवेन. घरातली बाजू जाणून घेण्यासाठी मात्र त्यांनी आत्मचरित्रे आणि पत्रव्यवहार सोबत वाचावेत.