ग्रेट सर्कल मॅपर: अंतर चोख, वेळेचा हिशोब आपल्यालाच करायचा

गावातलं पोरगं जर्मनीला शिकायला निघालं की घरचे पहिलं विचारतात, ‘किती लांब आहे? किती तास लागतात?’ यातल्या पहिल्या प्रश्नाला ही फुकटची वेबसाइट नेमकं उत्तर देते. दुसऱ्यासाठी तिच्यावर विसंबू नका.

चौकटीत विमानतळांचे तीन अक्षरी कोड इंग्रजीत टाकायचे, मधे आडवी रेघ. नागपूर एनएजी, दोहा (कतारची राजधानी, इथे विमान बदलतात) डीओएच, फ्रँकफर्ट एफआरए. एकक बदलून किलोमीटर करून घ्या, नाहीतर मैलाचा आकडा वाचून अंतर कमीच वाटेल. नागपूर ते फ्रँकफर्ट सरळ सुमारे 6,850 किमी भरतं. दोहामार्गे 2,840 अधिक 4,590, म्हणजे 7,430 च्या आसपास. वळसा 600 किमीच्या आतच! नागपूरहून मुंबई-दिल्ली न करता दोहा गाठणं म्हणूनच आडवाटेचं नाही. नकाशावर रेघ वाकडी दिसते, पण पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट तीच.

खोट इथे आहे: हा आकडा कागदावरचा. बंद हवाई हद्द यात धरलेली नसते. एप्रिल 2025 पासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना पाकिस्तानवरून जाता येत नाही, त्यामुळे दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना वळसा पडतो. वाराही धरलेला नसतो. वरच्या थरातले जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात, म्हणून जाताना वेळ जास्त, येताना कमी.

ढोबळ हिशोब असा: किलोमीटरला 850 ने भागा, वर अर्धा तास धरा. नागपूर-दोहा पावणेचार-चार तास येतो. वाऱ्यापायी थोडा पुढे-मागे.

तिकिटावरच्या वेळांची वजाबाकी मात्र करू नका. त्या त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दोहा आपल्यापेक्षा अडीच तास मागे. पहाटे 3:45 ला सुटून 5:15 ला पोचणारं विमान दीड नव्हे, चार तास उडतं. जर्मनी उन्हाळ्यात साडेतीन, हिवाळ्यात साडेचार तास मागे. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ बदलतं.

सगळ्यात मोठी फसगत तारखेची होते. तिकिटावर 12 तारीख, पहाटे 3:45 असेल तर निघायचं 11 च्या संध्याकाळी. विमानतळावर तीन तास आधी, म्हणजे पाऊण वाजता हजर. गडचिरोली किंवा यवतमाळकडून येणाऱ्यांनी रात्रीच्या एसटीच्या भरवशावर राहू नये. संध्याकाळचीच गाडी धरावी, नाहीतर चारचाकी सांगून ठेवावी. पावसाळ्यात नाल्याला पूर येणाऱ्या रस्त्यावरून यायचं असेल तर आदल्या दिवशीच नागपूर गाठलेलं बरं. हा टप्पा कुठल्याच मॅपरमध्ये मोजत नाहीत, अन् विमान चुकतं ते बहुतेकदा इथंच.

अंतरासाठी पाचपैकी साडेचार. वेळेसाठी दोन.