मीडियम फॉरमॅट आणि शटर लॅग: कोणता कॅमेरा किती थांबवतो

मीडियम फॉरमॅट, म्हणजे ३५ मिलिमीटरपेक्षा मोठी फिल्म किंवा सेन्सर असलेला कॅमेरा, घ्यायचं मनात आलं की माणूस सेन्सरचा आकार बघतो, मेगापिक्सेल बघतो, लेन्सची यादी चाळतो. बटण दाबल्यावर फोटो नेमका कधी निघतो, म्हणजे शटर लॅग किती, हे मात्र कॅमेरा हातात आल्यावरच कळतं. छोट्या फॉरमॅटवरून येणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. चांगल्या व्यावसायिक डीएसएलआरमध्ये (आरशातून बघायच्या डिजिटल कॅमेऱ्यात) आधी फोकस करून ठेवला असेल, तर हा उशीर ४०-५० मिलिसेकंदांच्या घरात असतो. मीडियम फॉरमॅटमध्ये आरसा मोठा, शटरचा पडदा मोठा आणि डिजिटल असेल तर सेन्सर वाचायलाही वेळ जास्त. थोडा थोडा करत बराच वेळ जातो.

आता हा वेळ अंतरात मोजून बघू. ताशी ५ किलोमीटर वेगाने चालणारा माणूस १०० मिलिसेकंदांत १४ सेंटिमीटर पुढे सरकतो. फ्रेमच्या कडेशी बरोबर धरलेलं पाऊल तेवढ्यात बाहेर जातं. उडी मारलेल्या माणसाचं वेगळं असतं. सगळ्यात उंच बिंदू गाठल्यावर १०० मिलिसेकंदांत तो जेमतेम ५ सेंटिमीटर खाली येतो, फोटोत कुणाच्या लक्षातही येणार नाही. पापणी मात्र तेवढ्यात मिटून जाते. म्हणजे लॅगचा त्रास किती, हे तुम्ही काय टिपता त्यावर ठरतं. निसर्गचित्रं, इमारती, ट्रायपॉडसमोर मांडलेल्या वस्तू एवढंच काम असेल, तर वाचणं इथेच थांबवलंत तरी चालेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. उशीर किती आहे हे मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवतो. तो दर वेळी तेवढाच आहे का, हे पहिल्यांदा बघतो. ८० मिलिसेकंदांचा ठरलेला उशीर बोटाच्या अंगवळणी पडतो आणि नकळत तुम्ही थोडं आधी दाबायला लागता. तोच उशीर एकदा ६० आणि एकदा ४०० मिलिसेकंद असेल, तर कितीही सराव करा, अंदाज बसत नाही.

आरसा न हलणारे: टीएलआर आणि रेंजफाइंडर

रोलायफ्लेक्स १९२९ मध्ये आला. त्याच्यासारखे दोन लेन्सचे कॅमेरे (टीएलआर), म्हणजे मामिया सी३३०, याशिका मॅट-१२४जी वगैरे, लॅगच्या बाबतीत आजही हेवा वाटावा असे आहेत. कारण साधं आहे. बघायची लेन्स वेगळी, फोटो घ्यायची वेगळी. आरसा जागचा हलत नाही. फोटोच्या लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र, म्हणजे अ‍ॅपर्चर तुम्ही ठेवलं तिथेच असतं, ते ऐन वेळी लहान व्हावं लागत नाही. बटण दाबलं की लीफ शटर, म्हणजे लेन्समधलं पात्यांचं शटर, उघडतं आणि मिटतं, बस. शिवाय फोटो निघतानाही वरच्या बघायच्या काचेवर चित्र दिसत राहतं, त्यामुळे त्या क्षणी डोळे मिटले होते का, हे तिथल्या तिथे कळतं.

अडचण दुसरीकडे आहे. कमरेच्या उंचीवरून खाली बघताना चित्र डावं-उजवं उलटं दिसतं. डावीकडे जाणारा माणूस काचेवर उजवीकडे जातो आणि त्याच्यामागे कॅमेरा फिरवताना नवख्याचा हात हमखास चुकीच्या दिशेने जातो. वेळ कॅमेरा खात नाही, तुमचा मेंदू खातो. जवळच्या अंतरावर दोन लेन्सच्या दृष्टीतला फरकही सांभाळावा लागतो.

मामिया ७ हा १९९५ चा रेंजफाइंडर, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून बघून फोकस करायचा कॅमेरा, लेन्समध्येच लीफ शटर. यातही आरसा नाही आणि व्ह्यूफाइंडरमध्ये फ्रेमच्या बाहेरचंही दिसतं, त्यामुळे माणूस फ्रेममध्ये शिरायच्या आधीच तुम्ही तयार असता. ६५ मिलिमीटरची लेन्स एफ/११ वर ठेवून फोकस ३ मीटरवर बांधला, तर साधारण २ ते साडेपाच मीटरपर्यंतचं सगळं चालण्याजोगं स्पष्ट येतं. फोकसचा वेळच उरत नाही. पण ८० मिलिमीटरची लेन्स एफ/४ पासून सुरू होते आणि एक मीटरच्या आत कॅमेरा फोकस करत नाही. चेहरा भरून पोर्ट्रेट काढायचं असेल तर हा कॅमेरा तुमच्यासाठी नाही.

आरसा उडवणारे

हॅसलब्लाड ५००सी १९५७ चा, ५००सी/एम १९७० चा. यांचं बटण दाबल्यावर काय काय होतं, ते एकदा नीट बघण्यासारखं आहे. बघण्यासाठी उघडं असलेलं लेन्समधलं शटर आधी मिटतं. अ‍ॅपर्चर ठरलेल्या आकड्यापर्यंत लहान होतं. आरसा वर जातो. मागचे दोन झडपांचे दरवाजे उघडतात. मग कुठे लेन्समधलं शटर उघडून फोटो घेतं. एवढी कवायत एका बोटाच्या दाबावर चालते. मागचे दरवाजे बटण दाबलेलं असेपर्यंतच उघडे राहतात, म्हणून मंद शटरवर बोट लवकर उचललं तर फोटो अर्धवट राहतो. आरसा आपणहून खालीही येत नाही. पुढची फ्रेम वाइंड करेपर्यंत व्ह्यूफाइंडर काळाच.

पण याच कॅमेऱ्यात उपायही आहे. उजव्या अंगाला, क्रँकजवळ एक छोटी कळ असते. ती दाबली की वरची सगळी तयारी आधीच उरकते आणि उरतं ते फक्त लेन्समधलं शटर. लॅग एकदम टीएलआरच्या पंगतीला येऊन बसतो आणि आरशाचा धक्काही जातो. किंमत अशी की तुम्हाला काचेवर काहीच दिसत नाही, आणि एकदा कळ दाबली की फ्रेम खर्च केल्याशिवाय माघार नाही. पोर्ट्रेट काढताना मी ही पद्धत मनापासून सुचवतो: कॅमेरा ट्रायपॉडवर, फ्रेम पक्की, कळ दाबलेली, हातात केबल रिलीज आणि नजर थेट समोरच्या माणसाकडे. हावभाव बघायला काचेपेक्षा उघडे डोळे केव्हाही बरे.

मामिया आरबी६७ ची गोष्ट जवळपास तीच, फक्त प्रत्येक भाग अजून मोठा. लेन्सवरची खुंटी ‘एम’कडे फिरवायची, बॉडीचं बटण दाबून आरसा उडवायचा आणि लेन्सला लावलेल्या केबलने शटर सोडायचं. हे स्टुडिओत छान चालतं. खांद्याला लटकवून रस्त्यावर फिरताना करायचं काम नव्हे.

पेंटॅक्स ६७ दिसायला नेहमीच्या एसएलआरसारखा, पण आतला आरसा आणि कापडी पडदा अवाढव्य. आरसा वर बांधून ठेवायची सोय १९६९ च्या पहिल्या मॉडेलात नव्हती, पुढे आली. सेकंडहँड घेताना ती आहे का, एवढं बघाच. डिजिटलमध्ये याच वंशातले ६४५डी आणि २०१४ चा ६४५झेड, तसंच हॅसलब्लाडची एच मालिका. आरशाचा उशीर आहे, पण व्ह्यूफाइंडर ऑप्टिकल असल्याने जे दिसतं ते त्याच क्षणाचं असतं.

मिररलेस: आरसा गेला, उशीर राहिला

इथे अनेकांची फसगत होते. आरसाच नाही म्हटल्यावर लॅगही नसणार, असं वाटतं. पण मिररलेसमध्ये बघण्याचं काम सेन्सरच करतो, त्यामुळे फोटो घेण्याआधी त्याला बघणं थांबवून कोऱ्या पाटीने सुरुवात करावी लागते.

हॅसलब्लाडच्या एक्स मालिकेत, म्हणजे २०१६ च्या एक्स१डी पासून २०२२ च्या एक्स२डी १००सी पर्यंत, शटर लेन्समध्येच आहे. बटण दाबलं की उघडं शटर मिटतं, अ‍ॅपर्चर लहान होतं, सेन्सर साफ होतो, शटर उघडतं, मिटतं, चित्र वाचलं जातं आणि मग पुन्हा उघडतं. ५००सी/एम ची सगळी कवायत आरसा वगळून पुन्हा आली! एक्स१डी मध्ये हा उशीर आणि त्यानंतर व्ह्यूफाइंडर काळा होणं चांगलंच जाणवतं. एक्स२डी बराच चपळ आहे आणि त्यात फेज डिटेक्शन ऑटोफोकस आहे, म्हणजे लेन्स कुठे आणि किती हलवायची हे सेन्सर थेट ओळखतो. मोबदल्यात काय मिळतं? फ्लॅश प्रत्येक शटर वेगाला जुळतो, या मालिकेच्या बहुतेक एक्ससीडी लेन्सवर १/२००० पर्यंत, तर नव्या ‘व्ही’ लेन्सवर १/४००० पर्यंत. भर उन्हात फ्लॅश वापरणाऱ्याला याला पर्याय सापडणं अवघड.

फुजीफिल्मच्या जीएफएक्समध्ये पडद्याचं शटर बॉडीत आहे आणि फ्लॅशचा वेग १/१२५ वर अडतो. पण इथे इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टन चालू करता येतं. मग खरा पडदा आधी मिटून पुन्हा उघडायची गरज उरत नाही; एक्सपोजरची सुरुवात सेन्सर करतो, शेवट पडदा करतो. कृतीचे फोटो काढणार असाल तर जीएफएक्समध्ये सगळ्यात आधी बदलायची सेटिंग हीच. लेन्स पूर्ण उघडी आणि शटर फार वेगवान असेल, तर मागची धूसर वर्तुळं कापल्यासारखी दिसू शकतात, तेवढं लक्षात असू द्या.

जीएफएक्समधल्या जीएफएक्समध्येही मोठा फरक आहे. ५०एस, ५०आर आणि ५०एस टू हे तिन्ही कॉन्ट्रास्ट पाहून फोकस करतात: लेन्स पुढे-मागे हलवून शोधतात. प्रकाश बरा असेल तर पटकन, मंद असेल तर वाट बघायला लावून. माझ्या लेखी हाच तो न सांगता बदलणारा उशीर. १००, १००एस, १०० टू यांच्यात फेज डिटेक्शन आहे आणि उशीर पुष्कळ सारखा राहतो. ५०आर आणि १००एस मध्ये अडकला असाल आणि माणसं टिपणार असाल, तर मेगापिक्सेल विसरा आणि याच कारणासाठी १००एस घ्या.

पूर्ण इलेक्ट्रॉनिक शटर हा लॅगवरचा रामबाण समजू नका. एवढे मोठे सेन्सर ओळीओळीने वाचायला वेळ लागतो, हलत्या वस्तू वाकड्या येतात आणि या दोन्ही मालिकांमध्ये त्यासोबत फ्लॅश चालत नाही. बर्स्टचंही, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्याचंही, तसंच. जीएफएक्स ५०एस सेकंदाला ३ फ्रेम काढतो, म्हणजे दोन फोटोंमध्ये ३०० मिलिसेकंदांहून जास्त अंतर. नेमकं हसू त्या फटीत निसटतं. १०० टू ८ फ्रेम काढतो, तिथे निदान आशा आहे.

उशीर कमी करायचे उपाय

ऑटोफोकस शटरच्या बटणावरून काढून मागच्या बटणावर द्या. फोकस आधी, फोटो नंतर, दोन कामं वेगळी. पण उघड्या लेन्सवर हे बेताने वापरा. जीएफएक्सच्या जीएफ ११० मिलिमीटर एफ/२ लेन्सने दीड मीटरवरून चेहरा घेतला, तर स्पष्ट भाग जेमतेम ३ सेंटिमीटरचा असतो. फोकस धरून तुम्ही हसण्याची वाट बघत बसलात आणि समोरचा किंचित पुढे झुकला, की डोळ्याऐवजी कान स्पष्ट. अशा वेळी एफ/४ वर या किंवा डोळा ओळखणारा ऑटोफोकस सतत चालू ठेवा.

फ्लॅश असेल तर टीटीएल, म्हणजे फ्लॅश किती हवा हे कॅमेऱ्यानेच मोजून ठरवणं, बंद करून मॅन्युअलवर जा. टीटीएलमध्ये आधी मोजणीचा छोटा फ्लॅश पडतो, त्यात वेळ जातो आणि काही जण तेवढ्यात डोळेही मिटतात. कॅमेरा झोपेत असेल तर पहिला फोटो हमखास उशिरा, म्हणून क्षण जवळ आला की बटण अर्धं दाबून त्याला जागं ठेवा. जीएफएक्समध्ये बूस्ट, म्हणजे कॅमेरा जास्त चपळ ठेवणारी सेटिंग, चालू करा. बॅटरी जास्त खाईल, खाऊ द्या.

मग घ्यायचं काय?

रस्त्यावरची माणसं आणि फिल्म, तर मामिया ७ किंवा टीएलआर. दोन्हींत मी टीएलआरकडे, त्यातही मामिया सी३३० कडे झुकेन, कारण त्याने जवळ जाता येतं. ठरवून काढलेली पोर्ट्रेट आणि फिल्म, तर ५००सी/एम, पण आधी सांगितलेल्या कळीसकट. आरबी६७ स्टुडिओतून हलणार नसेल तरच. डिजिटलमध्ये लहान मुलं, लग्न, नाच यांसाठी १००एस किंवा १०० टू. उन्हात फ्लॅश लावून काम करायचं असेल, तर एक्स२डी आणि थोडा संयम.

सेकंडहँड घेताना लॅग स्वतः मोजून बघा. कॅमेऱ्याला मॅन्युअलवर ठेवलेला फ्लॅश लावा, फोकस आधी करून ठेवा आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमचा व्हिडिओ घ्या, ज्यात बोट आणि फ्लॅश दोन्ही दिसतील. बटण खाली गेल्यापासून फ्लॅश पडेपर्यंतच्या फ्रेम मोजा. एक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची. हे दहा वेळा करा. जुन्या लीफ शटरमधलं वंगण सुकलेलं असेल, तर पहिले एक-दोन आकडे मोठे येतात आणि मग शटर मोकळं झालं की लहान होतात. असं दिसलं तर लेन्सच्या सर्व्हिसिंगचा खर्च धरूनच भाव करा.