हिरडीलगतच्या खाचेत काय भरावं: साधं जीआयसी की रेझिनवालं?

मिश्री आणि कडक ब्रश यांनी हिरडीपाशी झिजलेले दात आमच्याकडे रोज येतात, बहुतेक सुळे आणि त्यामागचे प्रीमोलर, म्हणजे छोट्या दाढा. तिथे कंपोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं रेझिनचं फिलिंग, मी सहसा भरत नाही. खाचेची खालची कड मुळावर असते आणि ती जागा पूर्ण कोरडी राहतच नाही. म्हणजे निवड उरते दोन सिमेंटांत: साधं जीआयसी (ग्लास आयनोमर सिमेंट), किंवा त्यातच लाइटने घट्ट होणारं रेझिन घातलेलं. दवाखाना नवा थाटणाऱ्यांनी विचारलं म्हणून सांगतो. दोन्ही मी वर्षानुवर्षं वापरली आहेत.

साध्या जीआयसीबद्दल मला मनापासून आदर आहे. विल्सन आणि केंट यांनी लंडनच्या सरकारी रसायन प्रयोगशाळेत ते तयार केलं, आणि १९७०च्या दशकात ते दंतवैद्यांच्या हाती येऊ लागलं. फ्लोराइड असलेल्या काचेची पूड आणि पॉलिॲक्रिलिक आम्ल, एवढंच मूळ. हेच आम्ल दाताच्या कॅल्शियमलाही धरतं, म्हणून वेगळं बाँडिंग, म्हणजे चिकटवणारा थर, लागत नाही. फक्त मिश्रणावर चकाकी असेपर्यंत भरायला हवं. चकाकी गेली की दाताला धरणारं मोकळं आम्ल संपत आलेलं असतं, आणि भरलेलं पुढे निखळतं.

माझं गाडं अडलं ते घट्ट होण्यापाशी. काचेतून सुटलेलं कॅल्शियम काही मिनिटांत आम्लाच्या साखळ्या बांधतं, पण खरी ताकद ॲल्युमिनियम देतं, आणि त्याला दिवसभर लागतो. तोवर लाळ लागली तर आयन धुऊन जातात आणि वरचा थर खडूसारखा होतो; उलट कोरडं पडलं तर तडे जातात. म्हणून वार्निश लावायचं आणि फिनिशिंगला दुसऱ्या दिवशी बोलवायचं. आता आमचा पेशंट बाजारच्या दिवशी एसटीने येतो. त्याला ‘उद्या या’ म्हटलं तर तो सहा महिन्यांनी येतो. एक मावशी आल्या त्या ‘डॉक्टर, ओठाला घासतंय हो’ म्हणतच. खडबडीत कडेवर कीटण साचलेलं, हिरडी लाल, हात लावला की रक्त. सिमेंटचा दोष नव्हता, पण त्रास त्यांनी काढला. असं तीन-चारदा झाल्यावर मला ते पटेना.

रेझिनवाल्यात हेमा नावाचं रेझिन असतं. वीस सेकंद लाइट मारला की ते घट्ट होतं. आम्ल-काचेचं काम आत सावकाश चालूच राहतं. त्याच बैठकीत कड गुळगुळीत करता येते, पेशंट मोकळा. रंगही दाताशी जास्त जुळतो. रेझिनमुळे फ्लोराइड कमी मिळतं अशी शंका मलाही होती. पण सर्वसाधारणपणे दोन्हींचा कल एकच: पहिल्या एक-दोन दिवसांत भरपूर, मग उतरत जातं, आणि फ्लोराइडच्या टूथपेस्टने थोडं पुन्हा भरतं. माझ्या पेशंटमध्ये कडेची कीड कोणत्या सिमेंटात जास्त, असा फरक मला तरी दिसला नाही.

याचेही त्रास आहेत. हेमा पाणी शोषतं, त्यामुळे कालांतराने रंग बदलतो; मिश्री चालू असेल तर लवकरच. माझ्या सहायिकेच्या बोटांची टोकं फुटायला लागली तेव्हा कळलं, की हेमा ग्लोव्हजमधूनही झिरपतं. तेव्हापासून मिश्रण कालवायच्या पॅडला कुणी बोट लावत नाही. खुर्चीवरचा दिवा थेट पडला तर मिश्रण पॅडवरच आवळू लागतं, म्हणून झाकून ठेवावं लागतं. किंमतही जास्त.

शाळेच्या शिबिरात मात्र मी साधंच नेतो, घट्ट मिसळायचं. हाताच्या हत्यारांनी कीड खरवडून जीआयसी भरायची पद्धत टांझानियात १९८०च्या दशकात याच गरजेतून सुरू झाली. तिथे लाइट नको, ड्रिल नको. दुधाच्या दाढांना ती छान चालते.

तुमचे पेशंट शहरातले असतील, बोलावल्या दिवशी येत असतील, तर कदाचित तुमचं मत वेगळं होईल. सुरुवातीला दोन्हींचे छोटे पॅक घ्या. माझ्याकडे, शिबिरं सोडली तर, गेल्या पावसाळ्यात उघडलेलं साधं अजून अर्धं आहे. रेझिनवाल्याचा तिसरा पॅक चालू आहे.